विश्लेषण : ‘फॉलिकल स्टडी’शी जोडलेले रेनियर डी ग्राफ कोण होते? त्यांचा शोध अर्धवट का राहिला?

वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांना ‘फॉलिकल स्टडी’ हा शब्द चांगलाच परिचयाचा असतो. अंडाशयातील फॉलिकल किती मिलिमीटरचे झाले, हे सोनोग्राफीत ठरावीक दिवसांनी पाहिले जाते. पूर्ण वाढलेल्या फॉलिकलला ‘ग्राफियन फॉलिकल’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या डच डॉक्टरला अवघे ३२ वर्षांचे आयुष्य लाभले.

ग्राफ कोण होते?

रेनियर डी ग्राफ यांचा जन्म ३० जुलै १६४१ रोजी नेदरलँड्समधील स्कूनहोवेन येथे झाला. युट्रेख्ट आणि लायडन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. विद्यार्थी असतानाच त्यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत पिसाची पोकळ नळी बसवून पाचक रस गोळा केला आणि १६६४ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. १६६५ मध्ये फ्रान्समधील अँजे येथून पदवी घेऊन पुढे ते डेल्फ्टमध्ये स्थायिक झाले. ते कॅथलिक होते. प्रोटेस्टंट वर्चस्वाच्या डच समाजात विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांना मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे रुग्ण तपासत त्यांनी संशोधन सुरू ठेवले.

त्यांनी नेमके काय शोधले?

त्या काळी अंडाशयाला ‘स्त्रीचे वृषण’ म्हणत. गर्भ घडण्यात त्याचा वाटा काय, याबद्दल एकमत नव्हते. ग्राफ यांनी सशांच्या माद्यांवर प्रयोग केले. मीलनानंतर वेगवेगळ्या वेळी त्यांचे विच्छेदन करून अंडाशय, नलिका आणि गर्भाशय तपासले. अंडाशयात जितकी फॉलिकल रिकामी झालेली दिसत, साधारण तितकीच बीजे पुढे नलिकेत किंवा गर्भाशयात सापडत. बीज अंडाशयातून निघून नलिकेवाटे गर्भाशयात येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १६७२ मध्ये स्त्रीच्या जननेंद्रियांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मग चूक कुठे झाली?

त्यांनी अख्ख्या फॉलिकललाच बीज मानले. नलिकेत सापडणारे बीज फॉलिकलपेक्षा खूपच लहान आहे, हे त्यांनी नोंदवले. पण कोडे सुटले नाही. फॉलिकल म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. माणसात ती साधारण २० मिलिमीटरपर्यंत वाढते आणि आतले स्त्रीबीज जेमतेम ०.१ मिलिमीटरचे असते. ते प्रत्यक्ष दिसायला १८२७ साल उजाडावे लागले. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी ते कुत्रीच्या फॉलिकलमध्ये पाहिले.

श्रेयाचा वाद काय होता?

ग्रंथ येताच यान स्वामरडॅम यांनी हा शोध आपला आणि आपले शिक्षक योहानेस फान होर्न यांचा असल्याचा दावा केला. प्रकरण लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेले. सोसायटीने श्रेय दोघांनाही न देता नील्स स्टेन्सन यांना दिले. या वादाच्या धामधुमीतच १७ ऑगस्ट १६७३ रोजी ग्राफ यांचे डेल्फ्टमध्ये निधन झाले. त्याआधी त्यांचा तान्हा मुलगाही दगावला होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी रॉयल सोसायटीला पत्र लिहून डेल्फ्टमधील एका कापड व्यापाऱ्याच्या सूक्ष्मदर्शकांकडे लक्ष वेधले होते. तो व्यापारी म्हणजे अंतोनी फान लेवेनहूक. पुढे लेवेनहूक यांनी शुक्राणू पाहिले आणि गर्भ शुक्राणूपासूनच घडतो, असे म्हणत ग्राफ यांचाच बीजसिद्धान्त नाकारला.

आज काय कळले आहे?

फॉलिकल बीजाला पोसते, हे खरेच. पण बीजही फॉलिकलला वाढवते. ते जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही वृद्धिघटक प्रथिने स्रवते. त्यांच्या संकेतामुळे भोवतालच्या पेशी वाढतात आणि बीजाला पोषक द्रव्ये पुरवतात. १९९६ मध्ये जीडीएफ-९चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये फॉलिकलची वाढ सुरुवातीलाच थांबली; त्या वांझ राहिल्या. न्यूझीलंडमधील इन्व्हरडेल मेंढ्यांमध्ये बीएमपी-१५च्या जनुकाची एक प्रत सदोष असेल तर एका वेळी जास्त बीजे सुटतात. दोन्ही प्रती सदोष असतील तर मेंढी वांझ होते. अंडाशयाचे कार्य अकाली थांबलेल्या काही स्त्रियांमध्येही या जनुकात दोष आढळले आहेत.

महाराष्ट्राशी संबंध काय?

साताऱ्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीचे ‘फेक-बी’ जनुक दख्खनी मेंढ्यांमध्ये आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. असे संकेत ग्रहण करणाऱ्या रिसेप्टरमधील हा बदल आहे. त्याची एक प्रत असली तरी मेंढीला जुळी कोकरे होण्याचे प्रमाण वाढते. एकेका कोकरावर घर चालवणाऱ्या मेंढपाळासाठी हा फरक मोठा आहे.

रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

सोनोग्राफीत मोजली जाते ती पिशवी. आतले बीज दिसत नाही. त्यामुळे फॉलिकल योग्य आकाराचे झाले म्हणजे बीज उत्तम आहेच, असे म्हणता येत नाही. ग्राफ यांना अडवणारे अंतर आजही पडद्यावर कायम आहे.