तिकिटे विकणारा नायक

विनोदी नट राजा गोसावी यांचा जन्म २८ मार्च १९२५ रोजी सातारा जिल्ह्यातील सिद्धेश्वर कुरोली या गावी झाला. घरची गरिबी होती. पण नाटकाची ओढ फार होती. मास्टर विनायक यांच्या चित्रपट कंपनीत त्यांनी पडेल ते काम केले. पुढे दामुअण्णा मालवणकर यांच्या नाटक मंडळीत ते शिकले.

पोटासाठी ते पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकत. १९५२ साली राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' हा चित्रपट आला. ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करायचे, अशी अट त्यात दोन गरीब मित्रांना घातलेली असते. त्या दोघांपैकी एक राजा गोसावी होते. पडद्यावर लाख रुपये उधळणारा हा नायक त्याच चित्रपटाची तिकिटे खिडकीत बसून विकत होता!

पुढे शरद तळवलकर यांच्याबरोबर त्यांची जोडी गाजली. 'सौजन्याची ऐशी तैशी' या नाटकात त्यांना पाहून प्रेक्षक पोट धरून हसत. २८ फेब्रुवारी १९९८ रोजी प्रयोगापूर्वी रंगभूषा करत असतानाच त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवशीही ते कामावरच होते.

मुलांनो, प्रामाणिकपणे केलेले कोणतेही काम हलके नसते.