पंडिता रमाबाई : आपत्तीतील श्रद्धा

आपल्या ज्ञातीत जन्मास आलेल्या कर्तृत्ववान स्त्रीपुरुषांची चरित्रे स्मरणिकेत द्यावीत, असा प्रघात आहे. या मालिकेत पंडिता रमाबाईंचे नाव आले की पुष्कळांची लेखणी अडखळते. त्या चित्पावन कुळात जन्मल्या, परंतु ख्रिस्ती म्हणून जगल्या आणि ख्रिस्ती म्हणूनच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या विद्वत्तेचा गौरव करावा आणि धर्मांतराविषयी मौन पाळावे, हा मार्ग सोपा खरा. पण आम्हांस तो न्याय्य वाटत नाही. त्यांची श्रद्धा वगळली तर चरित्राचा कणाच नाहीसा होतो. वाचकांस ती श्रद्धा मान्य असो वा नसो, तिच्या बळावर या स्त्रीने काय सोसले आणि काय उभारले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये या रूढीस न जुमानता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस विद्या दिली आणि लक्ष्मीबाईंनी ती कन्येस दिली. पुढे घर सुटले. तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत हे कुटुंब वर्षानुवर्षे फिरत राहिले.

मग दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले. जवळचे द्रव्य संपले आणि झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली अनंतशास्त्री निवर्तले आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाईही गेल्या. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात. चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी पडल्यामुळे तो भार त्यांनी मस्तकावर घेतला. त्यानंतर थोरली बहीणही गेली. उरली ती रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास ही दोन भावंडे.

ही भावंडे सुमारे ४००० मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी अंगावर पांघरूण नसल्याने त्यांनी खड्डे खणले आणि वाळू व गवत अंगावर ओढून रात्री काढल्या. व्रते, उपवास, तीर्थस्नाने यांत त्यांनी कुठेही कसूर केली नव्हती. तरीही संकटांची परंपरा थांबेना, तेव्हा आपली जुनी श्रद्धा डळमळू लागली, असे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बाहेर कीर्ती वाढत होती. आत मात्र पोकळी होती.

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय व आंतरप्रांतीय असल्याने दोन्हीकडील समाजांस रुचला नाही. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. वयाची चोविशीही पूर्ण होण्यापूर्वी आईबाप, भावंडे आणि पती गमावलेली ही विधवा कडेवर मूल घेऊन पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापन केला.

आसामात सिलचर येथे असतानाच लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची भगिनीसंघाच्या जोगिणी मायेने शुश्रूषा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना तेथेच उलगडली. ज्या स्त्रीस कोणीही जवळ करीत नाही तिलाही आधार देणारा देव त्यांना त्या कथेत सापडला. बरोबर गेलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिचा त्याच काळात आत्मघाताने अंत झाला. त्या धक्क्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही श्रद्धा त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नव्हती. चर्चच्या काही सिद्धान्तांविषयी त्यांनी धर्मगुरूंशी व वाँटेजच्या भगिनींशी वर्षानुवर्षे वाद घातला. आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणाही आचार्याच्या स्वाधीन करावयाची नाही, हा त्यांचा बाणा होता. वैद्यक शिकण्याचा मनोदय मात्र बहिरेपणामुळे सोडावा लागला. त्या दुःखावर त्यांनी दुसऱ्या कार्याचा उतारा शोधला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे विधवांच्या शाळेसाठी त्यांनी साहाय्य मिळविले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. येथे धर्मप्रसार करावयाचा नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वास ठेवून मुली पाठविणाऱ्या पालकांची चिंता खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. तसेच, स्वतःच्या खोलीत प्रार्थनेचे दार बंद करण्यास नकार देणाऱ्या रमाबाईंचा निश्चय क्षुल्लक होता, असेही म्हणवत नाही. महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी आनंदीबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

या आघाताने रमाबाई खचल्या नाहीत. दौंडच्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. लहानपणी भुकेने व्याकूळ होऊन भटकलेल्या या स्त्रीस त्या मुलींच्या चेहऱ्यावर स्वतःचेच बालपण दिसले असल्यास नवल नाही. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ‘मुक्ती’तील संख्या २००० च्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तेथे स्त्रिया करू लागल्या. अंधांसाठी वर्ग निघाले आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उभे राहिले. येथे आलेल्यांपैकी पुष्कळ ख्रिस्ती झाल्या आणि त्यावर टीकाही झाली. पण दुष्काळाच्या मुखातून ओढून काढलेल्या त्या जिवांस अन्न, विद्या आणि हाती धंदा मिळाला, हे टीकाकारांसही नाकारता आले नाही.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. खेड्यातील अल्पशिक्षित बायकांस समजेल असे मराठी हवे, म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मुळावरून भाषांतर करू लागल्या. हे काम शेवटास येत असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई मिरजेस निवर्तल्या. आईचे कार्य पुढे चालविणारी एकुलती एक कन्या वयाच्या ४० व्या वर्षी गेली. एवढा घाव बसल्यावर कोणीही हातातील काम खाली ठेवले असते. रमाबाईंनी ते ठेवले नाही. भाषांतर पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

श्रद्धेने रमाबाईंवरील संकटे टळली नाहीत. बाप्तिस्म्यानंतरही बहिरेपण, लोकापवाद आणि कन्यावियोग त्यांच्या वाट्यास आलेच. प्रत्येक आघातानंतर त्या प्रार्थनेस बसल्या आणि उठल्या त्या कोणाच्या तरी उपयोगाचे नवे काम हाती घेऊनच. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुले यांची सेवा करीत आहे. आपल्या ज्ञातीच्या नामावळीत रमाबाईंचे नाव संकोच न बाळगता, त्यांच्या श्रद्धेसह लिहिले जावे, अशी आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे.