महात्माजींचे दोन हात

विद्यार्थिमित्रहो, थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांचे विचार, त्यांचा पराक्रम आणि त्यांचा त्याग ह्यांचे वर्णन करण्याची रीत आहे. त्यांच्या हातांविषयी सहसा कोणी लिहीत नाही. परंतु ज्या हातांनी ते विचार कागदावर उतरले, ज्या हातांनी सूत कातले आणि रोग्यांची सेवा केली, त्या हातांनाही स्वतःचे एक चरित्र असते. महात्मा गांधींच्या हातांचे ते चरित्र आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो.

त्याला कारणही तसेच आहे. परीक्षेचा दुसरा तास उलटला की वर्गावर्गांतून कित्येक मुले लेखणी खाली ठेवून बोटे चोळू लागतात. बोटे आखडतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अक्षर बिघडते आणि येत असलेले उत्तर कागदावर उतरत नाही. मुलांना वाटते, आपली बोटेच दुबळी. घरची मंडळी म्हणतात, मुलगा आळशी. आम्हांस मात्र वाटते की हा दोष पुष्कळदा बोटांचा नसतोच. तो बोटांपासून दूर, मानेत, खांद्यांत, पाठीत आणि मनाच्या घाईत दडलेला असतो. महात्माजींचे जीवन ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

मोहनदास करमचंद गांधी ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. राजकोटच्या शाळेत असताना कसरत आणि क्रिकेट ह्यांची सक्ती होती. पण लाजाळू मोहनदासाला दोन्ही नकोसे वाटे. शाळा सुटताच आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी घर गाठण्याची त्याला ओढ असे. व्यायामाचा शिक्षणाशी काही संबंध नाही, अशी त्या वयात त्याची समजूत होती. सुंदर अक्षराचाही शिक्षणाशी संबंध नाही, ही त्याची दुसरी समजूत. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ह्या दोन्ही समजुती चुकीच्या ठरवल्या. दक्षिण आफ्रिकेत वकिलांची आणि तिथल्या शिकलेल्या तरुणांची मोत्यासारखी अक्षरे पाहून त्यांना आपल्या अक्षराची लाज वाटली. सुधारण्याचा प्रयत्नही केला, पण वेळ निघून गेली होती. एक चांगली सवय मात्र शाळेतच जडली. मोकळ्या हवेत फिरण्याचे फायदे त्यांनी एका पुस्तकात वाचले आणि चालणे सुरू केले. १८८८ पासून १८९१ पर्यंत इंग्लंडात शिकत असताना गाडीभाडे वाचवण्यासाठी ते रोज आठ-दहा मैल चालत. पुढे साठी उलटल्यावर, १९३० साली, साबरमतीपासून दांडीपर्यंतची सुमारे २४० मैलांची वाट ह्याच पायांनी तुडवली.

व्यायाम आणि अक्षर ह्या दोन गोष्टी वरवर पाहता वेगळ्या दिसतात. पण शरीराची रचना पाहिली तर त्या एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. बोटे मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच; ते कोपर आणि मनगट ह्यांच्या मधल्या भागात असतात. त्यांच्या लांब दोऱ्या, ज्यांना कंडरा म्हणतात, मनगटातून बोटांपर्यंत जातात. काही लहान स्नायू तेवढे तळहातात असतात. ह्या सर्वांना हुकूम पोहोचवणारे मज्जातंतू मानेच्या मणक्यांमधून निघतात आणि गळपट्टीच्या हाडाखालून, काखेतून, कोपरावरून हातात उतरतात. म्हणून मान पुढे झुकली, खांदे वर चढले आणि पाठ धनुष्यासारखी वाकली, की त्याचा ताण थेट बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचतो. आवळून धरलेल्या स्नायूतून रक्त मोकळेपणी वाहत नाही. मिटवणारे आणि उघडणारे स्नायू एकाच वेळी ओढ घेऊ लागले, म्हणजे बोट दोन्हीकडून बांधल्यासारखे ताठ होते. त्यालाच आपण बोट आखडले असे म्हणतो.

ह्याचा पडताळा आपण बसल्या जागी घेऊ शकता. मनगट तळहाताच्या बाजूस पूर्ण वाकवा आणि मग मूठ आवळून पाहा. मूठ घट्ट बसत नाही. मनगट किंचित मागे घ्या. तीच मूठ सहज बसते. आता दोन्ही खांदे कानांपर्यंत उचला, दात आवळा आणि पाचही बोटे मेजावर एकामागून एक वाजवा. नंतर श्वास सोडून खांदे खाली येऊ द्या आणि पुन्हा वाजवा. बोटे तीच, पण त्यांची चाल वेगळी झाल्याचे ध्यानात येईल.

आता पुन्हा महात्माजींकडे वळू. १९०९ साली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी ते लंडनला गेले होते. काम साधले नाही. परतीच्या प्रवासात, किल्डोनन कॅसल नावाच्या आगबोटीवर, १३ नोव्हेंबर ते २२ नोव्हेंबर ह्या अवघ्या दहा दिवसांत त्यांनी ‘हिंद स्वराज’ हे पुस्तक गुजरातीत लिहून काढले. कागद आगबोटीचाच होता. विचारांचा वेग एवढा, की उजवा हात थकून गेला. तेव्हा त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली आणि सुमारे ४० पाने डाव्या हाताने लिहिली. त्या हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती पुढे प्रसिद्ध झाली आहे.

आपल्याकडे डावा हात कमी प्रतीचा मानतात. डावखुऱ्या मुलाच्या हातावर छडी मारून लेखणी उजव्या हातात देणारी घरे आणि शाळा पूर्वी पुष्कळ होत्या. ज्या पुस्तकाने देशाच्या स्वातंत्र्याचा विचार मांडला, त्याची कित्येक पाने डाव्या हाताची आहेत, हे अशा मंडळींनी ध्यानात ठेवावे. ज्या मुलाचा डावा हात जन्मतःच चालता आहे, त्याला उजव्याची सक्ती करणे म्हणजे त्याच्या खांद्यात आणि मनात नवा ताण भरणे होय.

तथापि आगबोटीवरच्या ह्या प्रसंगाला दुसरीही बाजू आहे. महात्माजींनी हात बदलला, पण वेग बदलला नाही. एका हाताला विश्रांती मिळाली, पण मानेला, पाठीला आणि मनाला मिळाली नाही. हा धडा शरीराने त्यांना पुढे अनेकदा दिला. १९१५ साली ते कायमचे हिंदुस्थानात परतले. पत्रे, लेख, साप्ताहिके ह्यांचा डोंगर वाढतच गेला. त्यांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी आवृत्तीचे १०० खंड भरले आहेत. उजवा हात दुखू लागला की ते डाव्या हाताने पत्रे लिहीत. कधी दुसऱ्यास मजकूर सांगून लिहून घेत; दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासाचा मोठा भाग येरवड्याच्या तुरुंगात असाच सांगून लिहिला गेला.

लेखनाच्या जोडीला सूतकताई होती. चरख्यावर एक हात चाक फिरवतो आणि दुसरा हात धागा ओढीत मागे नेतो. हे काम हलके असते. परंतु तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात त्यांचे डावे कोपर दुखू लागले. हट्टाने तोच चरखा त्याच रीतीने चालवावा, असे त्यांनी केले नाही आणि कातणे सोडलेही नाही. त्यांनी मगन चरखा हाती घेतला. तो पायाने चालतो. त्यामुळे चाक फिरवण्याचे श्रम हातांचे वाचतात आणि कामाची वाटणी बदलता येते. दुखणाऱ्या अवयवाला शिक्षा न करता कामाची रीत बदलणे, ह्यात आम्हांस मोठे शहाणपण दिसते.

ह्या महापुरुषाचा आपल्या मुलखाशीही जवळचा संबंध आहे. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि लगेच ६ जानेवारी १९२१ रोजी महात्माजी छिंदवाड्यास आले. मोहगाव, सौंसर आणि पांढुर्णा ही गावे २०२३ पर्यंत त्याच छिंदवाडा जिल्ह्यात होती. पुढे जमनालाल बजाज ह्यांच्या आग्रहावरून ते नागपूरच्या पलीकडे वर्ध्यास राहावयास आले. तेथेही श्रम थांबले नाहीत. १९३५ च्या डिसेंबरात रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी काही आठवडे सक्तीची विश्रांती घ्यावयास लावली. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगाव ह्या खेड्यात गेले. तेच आजचे सेवाग्राम.

सेवाग्रामच्या कुटीत त्यांची बैठक जमिनीवर असे आणि लिहिण्यासाठी बुटके मेज. सकाळ-संध्याकाळ फिरणे, तेलाचे मर्दन, दुपारची थोडी झोप आणि सोमवारचे मौन, असा त्यांचा नेम होता. विश्रांती ही कामाची चोरी नसून कामाचाच भाग आहे, हे त्यांच्या ह्या दिनक्रमावरून कळते. आपल्या जवळच्या जामसावळीला मारुतीरायाची मूर्ती निजलेली आहे. बळाची देवता जेथे विसावते, तेथे विद्यार्थ्याने पाच मिनिटे हात मोकळे सोडण्यात कमीपणा कसला?

सेवाग्रामातच १९३९ च्या सुमारास परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित आले. त्यांना कुष्ठरोग होता आणि लोक त्यांना दूर ठेवीत. महात्माजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बोटे आखडण्याचे कारण नेहमी बसणे किंवा ताण हेच नसते. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन बोटे आत वळतात. सांधे सुजल्यानेही बोटे ताठ होतात. बोटांना सतत मुंग्या येणे, बधिरपणा, सूज किंवा सकाळी उठल्यावर बराच वेळ राहणारा ताठरपणा असेल, तर बैठक सुधारत न बसता वैद्यकीय सल्ला घ्यावा. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि वेळीच उपचार झाले तर बोटेही वाचतात.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देण्याची नई तालीम पुढे आली. बालपणी हातून निसटलेल्या अक्षराचे शल्य महात्माजींच्या मनात होतेच. मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि मग अक्षरे, असे त्यांचे मत होते. आम्हांस ह्या मताचे मर्म असे वाटते की, पान किंवा पक्षी रेखाटताना खांद्यापासून सबंध हात मोकळा फिरतो. तो मोकळेपणा अंगी आल्यावर मूल लेखणी आवळून धरीत नाही. आमच्या कोंकणी मुलखात खवणीवर नारळ खवणाऱ्या गृहिणी हेच दाखवतात. जाणती गृहिणी सबंध हाताने नारळ फिरवते. नवखी मुलगी नुसत्या मनगटाच्या जोरावर खवते आणि एका नारळातच थकते. इकडच्या कापूस वेचणाऱ्या मायबहिणींच्या बोटांतही तोच मोकळेपणा आपण पाहता.

ऑगस्ट १९४६ मध्ये महात्माजींनी सेवाग्राम सोडले. पुन्हा तेथे येणे घडले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत सायंप्रार्थनेस जात असताना, लोकांना नमस्कार करण्यासाठी ते दोन्ही हात जोडीत होते, त्याच वेळी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. उजव्याचा भार डाव्याने आणि डाव्याचा उजव्याने वाहिलेले ते दोन हात अखेरीस एकत्र आले.

विद्यार्थिमित्रहो, आपणांस ‘हिंद स्वराज’ लिहावयाचे नाही, पण तीन तासांची उत्तरपत्रिका लिहावयाची आहे. जमिनीवर बसून लिहिताना वही मांडीवर ठेवून कमरेतून दुमडू नका; पाट किंवा बुटके मेज घ्या. बाकावर बसाल तेव्हा दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असावेत. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मेजावर विसावलेला असावा. लेखणी पडणार नाही इतकीच धरावी. चिमटीत चिरडू नये. प्रत्येक पानाच्या शेवटी लेखणी ठेवून दोन दीर्घ श्वास घ्यावेत आणि खांदे खाली सोडावेत. त्यात अर्धे मिनिट जाईल, पण पुढचे पान वाचेल. पालकांनाही आमची विनंती आहे की, मुलाचे अक्षर बिघडलेले दिसले तर प्रथम त्याच्या बोटांवर न रागावता त्याच्या पाठीमागे उभे राहून त्याची बैठक पाहावी. पाठ सरळ झाली आणि मनातली भीती उतरली, तर पुष्कळ बोटे आपोआप मोकळी होतील.