देशाच्या गरिबीचा हिशेब मांडणारे दादाभाई

जमीन सुपीक, माणसं कष्टाळू, तरी देश गरीब का? दादाभाई नौरोजींनी या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात हयात घालवली, तीही आकड्यांनिशी.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा, गरीब पारशी पुरोहिताच्या घरातला. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंनी हलाखीत मुलाला शिकवलं. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये ते गणिताचे प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये व्यापारासाठी लंडनला गेले आणि तिथली सुबत्ता पाहून हिशेबाला बसले.

सरकारी पीक-आकडे तपासताना त्यांना एक गफलत सापडली. अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे बेरजेत घेत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. समजा, एका ठिकाणी शंभर एकर बागायतीत एकरी दहा पोती पिकली आणि दुसरीकडे नऊशे एकर कोरडवाहूत दोनच. कागदावर सरासरी सहा पोती. खरी मात्र तीनसुद्धा नाही! दादाभाईंनी क्षेत्र धरून नव्याने हिशेब केला. १८६७-६८ सालचं माणशी वार्षिक उत्पन्न निघालं अवघे वीस रुपये. तुरुंगातल्या कैद्याला मिळतं तेवढं अन्नवस्त्रही रयतेच्या वाट्याला पुरतं येत नव्हतं.

मग पैसा जात कुठे होता? सारा पूर्वीचे राजेही घेत, पण तो इथेच खर्च होई. विणकर, सुतार, शिपाई यांच्या हाती फिरून येई. इंग्रजी अमलात गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार शिलकीला पडून विलायतेला जात. त्यांची पेन्शनं, कर्जाचं व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च, सगळं इथल्या रयतेच्या माथी. गेलेला पैसा परत येईना. भांडवल साठेना, म्हणून धंदे उभे राहीनात. विहिरीला झरा असूनही पाट दुसऱ्याच्या शेतात जावा, तशी गत.

१८७४ मध्ये ते काही काळ बडोद्याचे दिवाण होते. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी ब्रिटिश पार्लमेंटात गेले आणि हाच हिशेब राज्यकर्त्यांपुढे मांडला. १९०१ मध्ये त्याचं पुस्तक झालं. अर्जविनंत्यांनी पाट बंद होईना, तेव्हा १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये, ऐंशी ओलांडलेल्या या म्हाताऱ्याने अध्यक्षपदावरून स्वराज्य मागितलं. ३० जून १९१७ रोजी ते गेले.

किती पिकलं एवढ्यावर देश श्रीमंत ठरत नाही. पिकलेल्यातलं किती मागे राहिलं, यावर ठरतो. आणि ते कळायला आधी पीकपाण्याचा आकडा खरा लागतो. गावाच्या दप्तरात तो भरणाऱ्यांनी आणि भरून घेणाऱ्यांनीही दादाभाईंची ही शिकवण ध्यानात ठेवावी.