नेम सुधारला, तरी लष्करानं नाकारलेली रायफल

भिवंडीत मागाचा नट गळून पडला, तर कारागीर कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच मापाचा दुसरा आणतो. आटे बरोबर जुळतात. एकसारख्या आट्यांचं हे गणित १८४१ मध्ये मांडलं मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी.

पण याच माणसानं बंदुकीचा नेमही सुधारला होता.

व्हिटवर्थ यांचा जन्म १८०३ चा. यंत्रं बनवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारनं नव्या एनफिल्ड रायफलचं काम त्यांच्याकडे दिलं. हीच ती एनफिल्ड, जिच्या काडतुसांवरून १८५७ ला भडका उडाला.

वाऱ्याचा अडथळा नको म्हणून त्यांनी ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी उभारली. एनफिल्डची नळी ०.५७७ इंचांची, गोळीला एक वेढा ७८ इंचांत. व्हिटवर्थ यांनी नळी ०.४५१ इंचांची आणि षटकोनी केली, वेढा २० इंचांत. गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाऊ लागली.

१८५७ च्या चाचणीत एनफिल्ड मागे पडली. १८६० मध्ये राणी व्हिक्टोरियानं दोरी ओढून बार काढला. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर!

तरीही लष्करानं नकार दिला. अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचायची आणि रायफल महागही होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात मात्र दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली.

१८८७ मध्ये व्हिटवर्थ गेले. पण आजही एअर रायफलचा नेम चुकला, की जाणकार आधी छर्रा नळीत नीट बसतो का, तेच बघतात.