ओलेग अँटोनोव्ह

विमानांत माणसें बसवून नेणें ही एक गोष्ट, आणि त्यांत रणगाडा घालून नेणें ही निराळीच गोष्ट. माणसास लहानसें दार पुरतें. रणगाड्यासाठीं विमानाची सारी मागील बाजूच उघडावी लागते. ह्या दाराचा प्रश्न ज्यांनीं आयुष्यभर सोडविला, त्या पुरुषाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

ओलेग अँटोनोव्ह ह्यांचा जन्म १९०६ सालीं मॉस्को प्रांतांतील एका खेड्यांत झाला. त्यांचें बालपण सारातोव्ह शहरीं गेलें. आई लवकर वारली. आजीनें त्यांस वाढविलें. तेराव्या वर्षींच त्यांनीं सवंगड्यांचें एक विमानप्रेमी मंडळ काढलें. १९३० सालीं लेनिनग्राड येथें ते पदवीधर झाले व पुष्कळ वर्षें एंजिनावांचून उडणारीं ग्लायडर विमानेंच रचीत राहिले.

१९४७ सालीं त्यांचें ए.एन.-२ हें दुपंखी विमान उडालें. सारें जग जेट एंजिनांकडे धांवत असतां असलें जुन्या घाटाचें विमान काढण्यास धैर्यच हवें, असें आम्हांस वाटतें. पुढें अशीं हजारों विमानें बांधलीं गेलीं. १९५२ सालीं त्यांची संस्था कीव्ह शहरीं आली, व १९५७ सालीं ए.एन.-१२ हें मालवाहू विमान उडालें. ह्याच जातीच्या विमानांनीं १९६२ च्या ऑक्टोबरांत आपल्या सैन्याचे रणगाडे लडाखांत चुशूलला उतरविले.

विद्यार्थिमित्रहो, आगपेटीचें रिकामें कवच हातांत घेऊन पिळून पाहा. तें लागलीच मुरडतें, कारण त्याचीं तोंडें उघडीं असतात. ए.एन.-२२ ची रचना करितांना हीच अडचण आली. मागें मोठें दार ठेवल्यानें विमानाचा मागील भाग दुबळा झाला. त्यावर एकच उंच उभें शेपूट बसविलें असतें, तर वाऱ्याच्या दाबानें तो पिळवटला असता. म्हणून एकाऐवजीं दोन ठेंगणीं शेपटें आडव्या पंखावर बाजूंस बसविलीं. प्रत्येकीं १५ हजार अश्वशक्तीचीं चार एंजिनें असलेलें हें विमान १९६५ च्या फेब्रुवारींत उडालें, आणि जूनमध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत लोकांनीं तें पाहिलें.

ए.एन.-१२४ त्याहून प्रचंड. त्यास चोवीस चाकें. नाक वर उचललें जातें, शेपटाखालून दार उघडतें, आणि माल चढवितांना तें उंटासारखें पुढें गुडघे टेकतें. २४ डिसेंबर १९८२ रोजीं तें प्रथम उडालें, तेव्हां अँटोनोव्ह ७६ वर्षांचे होते. ४ एप्रिल १९८४ रोजीं ते कीव्ह येथें वारले. पुढल्याच वर्षीं जुलैमध्यें ह्या विमानानें १७१ टन भार दहा किलोमीटरांहून अधिक उंचीवर नेला. तें पाहण्यास ते नव्हते.

१९८८ सालीं त्यांच्या शिष्यांनीं ए.एन.-२२५ उडविलें. पाठीवर अवकाशयान वाहावयाचें असल्यानें मधलें शेपूट चालण्याजोगें नव्हतें. तेव्हां त्यासही पुन्हां दोन शेपटेंच बसविलीं. असें एकच विमान पुरें झालें होतें. २०२२ च्या फेब्रुवारींत कीव्हजवळील विमानतळावर झालेल्या लढाईंत तें नष्ट झालें.