किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव

लोणंदहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नांवाचें स्टेशन लागतें. एका गृहस्थाच्या आडनांवावरून स्टेशनास नांव पडावें, ही आपल्याकडे रोजची गोष्ट नव्हे. पूर्वीं या स्टेशनास कुंडल रोड म्हणत. ज्यांच्यामुळें तें नांव पालटलें त्या लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म 20 जून 1869 रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकण्याकरितां ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें गेले. परंतु कांहीं रंग आपणांस नीट ओळखतां येत नाहींत, असें तेथें उघडकीस आलें. दुसरा कोणी खचला असता. त्यांनीं रंग सोडले आणि यंत्रांचीं रेखाचित्रें धरिलीं. पुढें व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक झाले. हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवीं बंधु रामूअण्णा यांजकडे आले. तेथें सायकलींचें दुकान होतेंच.

बेळगांवीं प्रथम कडबा कापण्याचें यंत्र व नंतर लोखंडी नांगर तयार झाला. खरी कसोटी येथेंच लागली. लोखंडानें जमिनीस विष चढतें असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळें पहिला नांगर खपावयास दोन वर्षें गेलीं. त्या शेतकऱ्यांस आम्ही हंसत नाहीं. हंगाम एकदांच येतो. नवें औत फसलें तर वर्ष बुडालें.

यंत्रापुढें उतावीळपणा चालत नाहीं. ज्या पालकांनीं रॉकेलवरचा जुना ट्रॅक्टर पाहिला असेल त्यांस ठाऊक आहे कीं, तो सुरू न झाल्यास जाणता मिस्त्री एकदम मॅग्नेटो उकलीत नाहीं. प्रथम प्लग काढून, तार जोडलेलीच ठेवून, तो इंजिनाच्या उघड्या लोखंडास टेकवितो आणि हँडल फिरवून ठिणगी पडते कीं नाहीं तें पाहतो. न पडल्यास प्लग बदलतो. मग तार पाहतो. मग ज्यांस प्लॅटिनम म्हणतात त्या टोकांवरची काजळी व त्यांमधील फट. एका वेळीं एकच. लक्ष्मणरावांची विद्याही याच जातीची होती. परदेशी मासिकें व यंत्रांचीं सूचिपत्रें वाचून आणि स्वतःचे हात काळे करून त्यांनीं ती मिळविली.

पुढें बेळगांवच्या नगरपालिकेस कारखान्याची जागा हवी झाली व बिऱ्हाड हलविणें भाग पडलें. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोडजवळील 32 एकर माळ आणि 10,000 रुपयांचें बिनव्याजी कर्ज देऊं केलें. निवडुंग व नाग यांचें तें रान! तेथें 1910 सालीं वसाहत उभी राहिली. रात्रीच्या पहाऱ्यास लक्ष्मणरावांनीं शिक्षा भोगून आलेलीं माणसें नेमिलीं, आणि वाडींत अस्पृश्यता पाळूं दिली नाहीं. नांगरापेक्षां आम्हांस हेंच काम अधिक अवघड वाटतें.

1946 सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. डिझेल इंजिनांत हवा दाबली जाऊन इतकी तापते कीं तेल आपोआप पेट घेतें. ठिणगी नको, मॅग्नेटोही नको.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजीं निवर्तले. जन्मशताब्दीच्या वर्षीं, 1969 सालीं, भारतीय टपाल खात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढिलें.